तात्या डोंगरावर कशाला जायचे

सांगलीच्या विश्रामबागेत तात्यांचं घर आमच्या घराला लागून होतं. मधे एकच भिंत. बरीच वर्षं शेजार झाला, तरी हा माणूस कसा होता असं कुणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही. भला होता, एवढं नक्की. बाकीचं कधी असं वाटायचं, कधी तसं. विजयाच्या लग्नाच्या वेळी तर माझा फारच गोंधळ झाला, आणि तो अजून सुटलेला नाही.

तात्या पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून होते. मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्याही पलीकडचे. घरात बायको, तिला आम्ही सगळ्या माई म्हणायचो, आणि तीन मुली. थोरली विजया, मधली मंदा आणि धाकटी बेबी. तात्या अंगानं बारके, चालताना मान पुढं. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायचे. बोलणं कमी. कुणी काही म्हटलं की "बरं" म्हणायचे. त्या बरंचा अर्थ होय असायचा की नाही, ते माईलाही इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

रविवार उजाडला की हे सगळं कुटुंब डोंगरावर जायचं. मिरजेच्या पुढं दंडोबाचा डोंगर आहे, तिथं झाडी आहे, फॉरेस्टवाल्यांनी लावलेली आणि आपोआप आलेली. देवाला जातात म्हणावं, तर देवळात कधी जायचे, कधी नाही. सरपणाला म्हणावं, तर एक काटकी घेऊन यायचे नाहीत. येताना हात रिकामे, अंगावर धूळ, मुलींच्या परकरांना कुसळं चिकटलेली आणि तोंडं उन्हानं लाल. माझं माहेर साताऱ्याचं. यवतेश्वराच्या डोंगरावर आम्ही लहानपणी किती वेळा चढलो असू, पण उतरताना डोक्यावर मोळी असायची. रिकाम्या हातानं डोंगर चढायचा आणि रिकाम्या हातानंच उतरायचा, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसेना. माझी शाळा चौथीपर्यंतची. मला वाटायचं, शिकलेल्यांना कळत असेल. पण शिकलेलेही तात्यांनाच विचारायचे.

आणि तात्या दर माणसाला वेगळं सांगायचे. माझ्या मालकांना म्हणाले, पोट साफ राहतं. गणपतीच्या देवळातल्या पुजाऱ्यांना म्हणाले, दंडोबाला नवस बोललोय. ऑफिसातल्या साहेबांना म्हणाले, डोंगरात कडीपत्ता फार चांगला मिळतो. साहेब म्हणाले, मग आमच्यासाठीही आणा. त्यावर तात्या दर सोमवारी सकाळी मंडईत जाऊन कडीपत्ता विकत घ्यायचे आणि साहेबांना नेऊन द्यायचे. माई म्हणायची, "खरं सांगितलं असतं तर काय जीभ झडली असती?" तात्या म्हणायचे, "खरं काय ते ठरलं की सांगतो."

दोन सायकली होत्या. एक काळी, उंच, दांडीची, ऑफिसला न्यायची. दुसरी जुन्या बाजारातून आणलेली, बुटकी. डोंगरात चिखल अडकतो म्हणून दोन्हींची मडगार्ड काढून कोपऱ्यात ठेवलेली. त्यामुळं पावसाळ्यात तात्या पाठीवर चिखलाची रेघ घेऊन ऑफिसात जायचे. बाभळीचे काटे लागू नयेत म्हणून टायरच्या आत जुन्या टायरची पट्टी घातली होती. पट्टीनं सायकल जड व्हायची, पण मुली ती मारायच्या. गाडीवाटेवरून नाही, मेंढरांच्या पायवाटेवरून. एक सायकलवर, दुसरी मागून पळत, मग अदलाबदल.

सायकली एसटीच्या टपावर टाकून न्यायच्या. एकदा कंडक्टर नवीन होता. त्यानं विचारलं, "कुठली जत्रा हाय वो आज?"

"जत्रा न्हाई," तात्या म्हणाले.

"मग लगीन?"

"लगीन बी न्हाई."

"मग ह्या सायकली कशाला?"

"बसायला."

"मग सायकलवरच बसा की. एसटीत कशाला बसताय?"

गाडीतली माणसं हसली. दुसरा कुणी असता तर भांडला असता. तात्यांनी जरा विचार केला, "व्हय की" म्हणाले, आणि सगळ्यांना खाली उतरवलं. सायकलीही उतरवल्या. पाच माणसं आणि दोन सायकली अशी वरात मिरज ओलांडून डोंगराला लागेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. विजयानं मला हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून भिंतीला टेकली. माई शेजारी तांदूळ निवडत होती. ती हसली नाही.

मोठा दुष्काळ पडला त्या साली तात्यांची आई माणहून सांगलीला राहायला आली. म्हातारीचा जन्म मेंढरांमागं गेलेला. रविवारी लेकाची तयारी बघून ती ओट्यावर बसून मला म्हणाली, "आमी डोंगरं हिंडलो ते पोटासाठी. ह्यो भरल्या पोटानं हिंडतोय. कुनी करणी केली म्हनायची का काय?"

तात्या सायकलला हवा भरत होते. ते म्हणाले, "आये, तवा मी मेंढरं बघत हुतो. डोंगर बघायचा ऱ्हायला."

मला ते फार पटलं. चला, इतक्या दिवसांनी खरं कारण कळलं, असं मी मनाशी म्हटलं. पण थोड्याच दिवसांनी माझ्या मालकांशी बोलताना तात्या म्हणाले, "आवं, ल्हानपणी डोंगर बघून बघून डोळं विटलं माझं." मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं आणि परत होते तिथंच आले.

एकदा माईनं मला ओढून नेलं. मी कुठं जायची नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण डोंगरात कोण बघतंय, असं माई म्हणाली, म्हणून गेले. तिथं मला तात्यांची खरी तऱ्हा कळली. ते वाट चुकायचे. इतक्या वर्षांचा तोच डोंगर, तरी चुकायचे. फाटा आला की शेळ्या राखणाऱ्या बाईला वाट विचारायचे, नीट ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि दुसऱ्याच वाटेनं निघायचे. पुढं ती वाट करवंदीच्या जाळीत संपली की उभे राहून म्हणायचे, "ही वाट मागल्या येळी हितं नव्हती."

"म्हंजे काय पाय फुटून आली?" माई म्हणायची.

"आली असंल."

वाट चुकल्याचा त्यांना त्रास म्हणून व्हायचा नाही. जाळीतून मागं फिरायचे, दुसरीकडून घुसायचे. चालताना नेहमी सगळ्यांच्या मागं. विजया उतारावरून सायकल घेऊन निघाली तेव्हा मी डोळे मिटले. साडीच्या आत वडिलांचा जुना पायजमा, पदर कमरेला घट्ट, पायडलवर उभी, अंग मागं झुकलेलं. चाकाखालचे दगड उडत होते. माई ओरडली, "सावकाश गं!" तात्या काही बोलले नाहीत. खाली जाऊन विजयानं हात वर केला, तेव्हा त्यांनी नुसता श्वास सोडला. मी जवळच होते म्हणून मला ऐकू आला. म्हणजे भीती त्यांनाही वाटत होती. मग बोलत का नव्हते?

विजया लग्नाची झाली आणि या डोंगराचा त्रास सुरू झाला. पहिलं स्थळ आलं, मुलगी बघून गेलं आणि निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण डोंगरात सायकल मारते म्हणे. दुसऱ्या स्थळाचंही तसंच. विजया मोठी. तिचं अडलं की मागच्या दोघींचंही अडणार. माई रडली. तात्यांना म्हणाली, "आता बास करा. तिचं लगीन होईस्तोवर तरी."

तात्या "बरं" म्हणाले.

पुढच्या रविवारी खरोखरच ते घरी बसले. अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचला. दुपारी म्हणाले, नुसती हवा भरून बघतो. मग म्हणाले, चेन करकरतीय, जरा कोपऱ्यापर्यंत चालवून बघ गं विजे. माई आत चहा ठेवायला गेली आणि चहा घेऊन बाहेर आली तर अंगणात खुर्ची तेवढी होती.

मग पलूसचं स्थळ आलं. ऊसवाले लोक, वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मुलगा अशोक बँकेत नोकरीला. सगळ्या दृष्टीनं चांगलं. माईनं त्या मंडळींच्या कानावर डोंगर जाऊ नये म्हणून गल्लीतल्या सगळ्या बायकांना हात जोडून सांगितलं. आणि नेमकी आदल्या रविवारी विजया सायकलवरून पडली. गुडघा सुजला. माईनं आंबेहळदीचा लेप घातला, विटेनं शेकलं, पण सूज पुरती उतरली नाही.

बघायला सुभेदार आले, मुलगा आला आणि मुलाची आत्या आली. मी आत पोह्यांच्या बशा भरत होते. विजया बाहेर जाऊन बसली, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "ऊठ बाळ. जरा दारापातूर चालून दाव."

हे तर विचारतातच. मलाही चालायला लावलं होतं. विजया उठली, नीट पाऊल टाकायचा प्रयत्न केला, आणि दुसऱ्याच पावलाला लंगडली.

मग माई घाईनं म्हणाली, "उंबऱ्याला ठेच लागली काल." आणि त्याच वेळी तात्या म्हणाले, "सायकलवरनं पडली. डोंगरात."

दोन उत्तरं एकदम आली. आत्याबाईंनी एकदा माईकडं बघितलं, एकदा तात्यांकडं. त्यांना वाटलं, दोन्ही खोटी. पोरीचा पायच अधू आहे आणि आईबाप लपवताहेत. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. "असं असलं तर असं सांगावं मानसानं. लपवून काय मिळतंय?"

माईनं तोंडाला पदर लावला. विजया खाली बघत उभी. मला आत नवल याचं वाटत होतं की ज्या माणसानं साऱ्या गावाला खोटी कारणं सांगितली, त्याला आजच खरं सांगायचं कसं सुचलं?

सुभेदार तेवढे शांत होते. ते म्हणाले, "पावणं, सीधी बात करतो. पोरगी आमाला पसंत हाय. पायाचं काय ते कळू द्या. कुठला डोंगर म्हनला?"

"दंडोबा."

"पाय बरा झाला की कळवा. आमी येतो डोंगरावर. तितंच चालताना बघू."

आत्याबाई म्हणाल्या, "दादा, कायतरीच काय! पोरगी बघायला कुनी डोंगरावर जातंय व्हय?"

"फौजेत लंगडा मानूस डोंगरावरच कळतोय," सुभेदार म्हणाले.

पाय बरा झाला आणि त्या रविवारी सगळे डोंगराच्या पायथ्याशी जमलो. माईला सोबत म्हणून मीही होते. मंदाला आणि बेबीला घरी ठेवलं होतं. माईनं विजयाला बजावलं होतं, मान खाली घालून हळू चाल, सायकलला हात लावू नको. तरी तात्यांनी दोन्ही सायकली आणल्याच. माई म्हणाली, "ह्या कशाला?" तात्या म्हणाले, "आणायची सवय."

विजया आत्याबाईंच्या पुढं चालत होती, आत्याबाईंची नजर तिच्या टाचांवर. पाय एकदम सरळ पडत होता. काळी सायकल तात्यांनी धरली होती आणि बुटकी अशोकनं हौसेनं धरली होती. मला वाटलं, जमलं. आता थोडं वर जायचं, शिदोरी सोडायची आणि परतायचं.

पण फाट्यावर तात्या पुढं झाले. एरवी मागं राहणारा माणूस आज पुढं. डावीकडची मळलेली वाट सोडून ते उजवीकडं वळले. विजया थबकली. तिनं वडिलांकडं बघितलं, काहीतरी बोलणार होती, पण आत्याबाई मागं होत्या म्हणून गप्प राहिली. ती वाट उतरत, वळत एका ओढ्याच्या अलीकडं जाळीत संपली. आत्याबाईंची चप्पल तुटली, पदर काट्यात अडकला. वर उन्हाचा तडाखा.

"आता?" सुभेदारांनी विचारलं.

तात्या एका दगडावर बसले. "मला काय उमगंना झालंय," ते म्हणाले. "विजे, तूच बघ वाट."

माईनं डोळ्यांनी विजयाला नको नको म्हटलं. विजया वडिलांकडं बघत राहिली. मग तिनं पदर खोचला, काळी सायकल घेतली आणि ओढ्याच्या कडेनं जी बारीक मेंढरवाट जात होती तिच्यावर घातली. दगडांवरून सायकल उडाली, ती पायडलवर उभी राहिली, आणि झाडांच्या आड दिसेनाशी झाली.

आत्याबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बया! ही पोरगी हाय का डाकवाला?"

"लंगडी न्हाई, एवढं झालं," सुभेदार म्हणाले. त्यांना हसू येत होतं.

बराच वेळ गेला. माई मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती. मग अशोक उठला. "मी बघून येतो," म्हणाला, आणि बुटकी सायकल घेऊन त्याच वाटेनं गेला. थोड्या वेळानं झाडीत सायकल आपटल्याचा आवाज आला. पुन्हा सामसूम. मी तात्यांकडं बघितलं. ते हातातल्या गवताच्या काडीच्या घड्या घालत होते.

मग दोघं आली. पुढं विजया, सायकल ढकलत. मागं अशोक, बुटकी सायकल खांद्यावर, पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली. मी जाळीच्या त्या टोकाला उभी होते, म्हणून विजयाचं तोंड सगळ्यांच्या आधी मला दिसलं. बाकीच्यांपर्यंत येईतो तिनं ते पुसलं आणि मान खाली घातली. वाट सापडली होती. सगळे निमूट वर गेलो. शिदोरी सोडली. परत निघताना आत्याबाईंनी विजयाच्या हातून पाणी घेतलं आणि हँडल धरून घट्टे पडलेल्या तिच्या तळहाताकडं बघितलं.

झाडीत काय झालं ते विजयानं नंतर मला एवढंच सांगितलं, की अशोकनं पडल्या पडल्या विचारलं, "याला ब्रेक कुठं आहे?" आणि ती म्हणाली, "ब्रेक नाहीच."

दोन दिवसांनी पलूसहून निरोप आला. मुलगी पसंत. आत्याबाईंची एक अट होती, लग्नानंतर सायकल बंद. माईनं देवापुढं साखर ठेवली. पण तात्या हो म्हणेनात आणि नाही म्हणेनात. ऑफिसला गेले, आले, जेवले. माई विचारून दमली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात धुणं वाळत घालत होते. तात्या कुंपणापाशी आले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट कधी बोलले नव्हते. मी पदर सारखा केला.

"वैनी," ते म्हणाले, "तुमी त्या कडंला हुता. विजी परत आली तवा हसत हुती का रडत हुती?"

मी म्हटलं, "तिलाच विचारा की तात्या."

"इचारलं. ती म्हनती, तुमी म्हनाल तसं. मी काय म्हननार? मला लांबनं दिसलं न्हाई."

मी पिळा हातात धरून उभी राहिले. काय बघितलं होतं ते आठवलं आणि जसंच्या तसं सांगितलं. "हसत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होती."

"दोनी?"

"दोन्ही."

तात्यांनी बराच वेळ माझ्या मागच्या दोरीवरच्या धुण्याकडं बघितलं. "मग बरोबर हाय," म्हणाले. काय बरोबर होतं ते मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. त्याच दुपारी ते पलूसला जाऊन होकार देऊन आले. अटीला काय उत्तर दिलं, असं माईनं विचारलं. म्हणाले, "बरं म्हनलो."

ते वाट खरंच चुकले होते की मुद्दाम, हे मी कितीदा मनात घोळवलं. मुद्दाम म्हणावं, तर या माणसाला सरळ वाट तरी कधी सापडली होती? चुकून म्हणावं, तर त्या दिवशी ते पुढं का झाले? विजयाला विचारलं तर ती म्हणायची, "काकू, मला वाटतं मुद्दाम." आणि जरा वेळानं म्हणायची, "नाही, चुकलेच असतील."

लग्न विश्रामबागेतच झालं, आमच्या गल्लीत मांडव घालून. आमची बदली साताऱ्याला झाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच सामान निघायचं होतं, म्हणून मी त्या दिवशी सगळं जास्तच डोळे भरून बघत होते. विजयाची पाठवणी झाली. पलूसच्या मंडळींनी ट्रक आणला होता. नवरानवरी पुढं बसायची होती, मागं वऱ्हाडातल्या बायका, रुखवताची भांडी, गाद्या आणि पाठराखीण म्हणून मंदा. विजया माईच्या गळ्यात पडून रडली. तात्यांच्या पाया पडली. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. अशोकनंच हलकेच तिला वर घेतलं.

ट्रक सुरू झाला आणि तात्या मागून फळीला धरून वर चढले.

बायकांच्यात एकदम कालवा झाला. मुलीचा बाप कधी वऱ्हाडाबरोबर जातो का? आत्याबाई म्हणाल्या, "आवं व्याही, तुमी कुठं?"

तात्यांनी आत सरकून गाद्यांच्या कडेला दोन हंड्यांच्या मधे जागा केली आणि पाय जवळ घेऊन बसले. डोक्यावरचा फेटा एका बाजूला आला होता. सुभेदार खिडकीतून मान काढून बघत होते, त्यांनाही काय करावं कळेना. मग त्यांनी ड्रायव्हरला हात केला आणि ट्रक हलला.

"कोपऱ्यावर उतरतील," माई म्हणाली.

कोपरा आला. ट्रक वळला. बायकांच्या रंगीत पदरांमधे तात्यांचा पांढरा सदरा दिसत होता. ते आमच्याकडं बघत नव्हते, पुढं बघत होते, जिथं विजया बसली होती त्या बाजूला. आम्ही सगळ्या मांडवाबाहेर रस्त्यावर उभ्या होतो. धूळ खाली बसली, तरी माई अक्षतांचं रिकामं ताट घेऊन तिथंच उभी होती आणि म्हणत होती, "उतरतील. आता उतरतील."